आरेतली फुलं आणि आप्पांचे प्रश्न

आरेला रानफुलं बघायला जायचं असेल, तर पाऊस ओसरता ओसरता जा. पायांत बंद बूट हवेत, गवतात जळवा असतात. मी पहिल्यांदा गेले ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी, फुलांचे नमुने गोळा करायला. आप्पा, माझे वडील, म्हणाले, "जंगलात एकटीनं नाही जायचं, मी येतो." घरात तेव्हा ताण होता. एका ऑफिसातली नोकरी माझ्यासाठी ठरत आली होती, सोमवारी होकार द्यायचा होता. मला पुढे शिकायचं होतं.

घाटकोपरहून बसने अंधेरी, पुढे गोरेगाव, तिथून आरेची बस. तबेले मागे पडले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रान. उतरलो आणि कुंपणावर निळी गोकर्ण दिसली, खाली गवतात खुळखुळ्याची पिवळी फुलं.

"ही दोन्ही एकाच कुळातली," मी म्हटलं.

आप्पा थबकले. "झाडांनाही कूळ? जातसुद्धा असेल मग?"

आम्ही बुलढाण्याकडचे बौद्ध. तो प्रश्न सहज विचारलेला नव्हता.

"असते आप्पा. पण त्यात वरचं-खालचं कुणी नाही. कोण कुणाचं नातलग, एवढंच बघतात."

"ही वेल, ते झुडूप. रंग वेगळे. नातं कसं काय?"

मी खुळखुळ्याचं फूल उघडलं. झेंड्यासारखी एक मोठी पाकळी, दोन पंखांसारख्या, उरलेल्या दोन होडीसारख्या जुळलेल्या. होडीत पुंकेसर. मग गोकर्ण उघडली.

"हे उलटं आहे की गं! झेंडा खाली लोंबतोय."

"हो, पण पाकळ्या त्याच."

आप्पा बराच वेळ बघत राहिले. "तुरीचं फूल असंच असतं. म्हणजे तूर यांच्याच घरातली?"

"तूर, हरभरा, मूग, सगळे."

मग त्यांना नादच लागला. पुढे गुलाबी तेरडा दिसला. "हा पण त्यातलाच. शेंग आहे बघ!" त्यांनी बोट लावलं आणि शेंग फट्‌कन फुटली. दोघंही दचकलो. फूल उघडलं तर झेंडा नाही, होडी नाही, मागे बारीकशी शेपटी. "नुसत्या शेंगेवरून नाही ठरवायचं," मी म्हटलं. आप्पा मनापासून हसले.

सावलीत भाकरी-ठेचा खाल्ला, दुधाच्या स्टॉलवर थंडगार मसाला दूध प्यायलो. परतीच्या बसमध्ये ते खुळखुळ्याचं फूल पुन्हा उघडून बघत होते.

घरी पोचताच आईने विचारलं, "सोमवारी जाते ना ही?"

"नाही," आप्पा चपला काढत म्हणाले. "शिकू दे पुढे. माझं अजून बरंच विचारायचं राहिलंय तिला."

पुढे मी मुलुंडला वर्षानुवर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. आरेत आता बरंच काही बदललंय, फुलं कमी झालीत. पण आप्पा शेवटपर्यंत बाहेरून येताना खिशातून एखादं चुरगळलेलं फूल काढत, माझ्या ताटाशेजारी ठेवत आणि म्हणत, "आधी मी कूळ सांगतो, मग तू सांग."