करामातला कळप

वाळवंटातले उंटवाले कोणत्या ऋतूत कुठे जातात, याचा आमच्या ऑफिसात उपग्रहावरून अभ्यास चालतो. त्यासाठी एका उंटवाल्याला उंटिणीच्या गळ्यात बांधायला जीपीएसचा पट्टा दिला होता. नकाशावरचा तिचा ठिपका मात्र दर शुक्रवारी थेट दुबई शहरात, आमच्या करामा वस्तीत यायचा. साहेब खूश, "नवीनच मार्ग!" मी करामातच राहतो, पण उंट काही दिसला नव्हता. शेवटी एका शुक्रवारी ठिपक्यामागे निघालो.

ठिपका सलूनमध्ये सापडला. खुर्चीत एक म्हातारा उंटवाला मिशी कोरून घेत होता. मांडीवरचा रुमाल मधूनच उघडून आतल्या पट्ट्यावर पडलेले केस तो हळुवार फुंकायचा.

"चाचा, ये ऊँट के गले में चाहिए ना!"

"तुम्हारा आदमी बोला, महँगा है, संभालना. ऊँट संभालेगा क्या?"

त्याचं काय चुकलं, ते मला अजून सांगता येत नाही. त्याचं नावही विचारायचं राहिलं. उंटिणीला मीच बांधतो म्हणत पट्टा घेतला आणि गाडीत विसरलो.

आठवड्याने साहेब नाचतच आले. "हबीबी, कळप स्थिरावला! रोज सकाळी करामातून निघतो, आपल्याच पार्किंगमध्ये येतो, आणि संध्याकाळपर्यंत जागचा हलत नाही!"