दारावरची काळी चुंबळ

आमच्या गल्लीतली माणसं अंग झाकण्यासाठी कपडे घालतात असा एखाद्या परक्याचा समज होईल. खरं म्हणजे आत्याला चिंध्या मिळाव्यात म्हणून घालतात. ही माझ्या वडिलांची दूरची बहीण. वसमतला आमच्या मागच्याच दाराला तिचं दार लागतं, आणि गल्लीतल्या झाडून सगळ्या बायकांचे ब्लाउज तीच शिवते. शिलाई किती घ्यायची हे ती माणूस बघून ठरवते, पण एक नियम सगळ्यांना सारखा. कापून उरलेली चिंधी तिची. ती मागायची नाही, तिची आठवणही काढायची नाही. एकदा एका नव्या सुनेनं "आत्याबाई, उरलेलं कापड द्या, लेकराला टोपडं करीन" म्हटलं, तर आत्यानं टोपडं शिवून दिलं, वर त्याला झालर लावली, लोकरीचा गोंडा लावला. पण चिंधी दिली नाही.

या चिंध्या ती चार गाठोड्यांत ठेवते, आणि कुठली चिंधी कुठल्या घरची हे तिला न बघता, नुसत्या चिमटीत धरून कळतं. तिला माणसं नावांनी आठवत नाहीत, कापडानं आठवतात. आमच्या घरी येऊन ती आईला सांगते, "ती जांभळी बाळंत झाली बरं का, पोरगी झाली," आणि आईलाही ते बरोबर कळतं. मी कॉलेजात प्रवेश घेतला त्या दिवशी पेढा देऊन तिच्या पाया पडले, तर डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "लई मोठी हो. मावशीच्या लग्नात घातलेल्या त्या पोपटी फ्रॉकची अजून दोन बोटं चिंधी हाय माह्यापाशी." बोलताना तिच्या ओठांत दोनतीन टाचण्या असतात. त्या कधी पडत नाहीत, आणि बोलणंही थांबत नाही. टाचण्या काढून ती बोलायला लागली की समजावं, प्रकरण गंभीर आहे. तिचे यजमान, ज्यांना मी मामा म्हणते, त्यांच्या शर्टाची बटणं एकेक करून नाहीशी होतात आणि त्या जागी सेफ्टी पिना येतात. मामा तक्रार करत नाहीत. एसटी स्टँडवर पेपर वाचायला जाताना फक्त छातीवर हात ठेवून चालतात, आणि नवी माणसं त्यांना फार नम्र समजतात.

चुंबळीचं वेड मात्र तिला माझ्यामुळे लागलं. आमच्या इंग्रजी शाळेत डिसेंबर आला की नाताळसाठी क्राफ्टच्या तासाला पुठ्ठ्याचं गोल कडं कापून, त्याला हिरवा क्रेप कागद आणि कापूस चिकटवून दारावर टांगायचं असे. माझं कडं मी घरी आणलं आणि मागच्या दाराला अडकवलं. आत्यानं कंबरेवर हात ठेवून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"चुंबळ हाय व्हय ही?"

मी मान हलवली. ती हो होती की नाही, ते मलाही ठाऊक नव्हतं.

"मग दाराला काहून टांगली? चुंबळ डोक्यावर घेत्यात, तिच्यावर हंडा ठिवत्यात. अन् कागदाची चुंबळ कुटं आसती का माय? हंडा ठिवला तं सांडलं न पाणी."

दुसऱ्याच दिवशी तिच्या दारावर खरी चुंबळ टांगलेली होती. जुनं मऊ लुगडं पीळ देऊन गोल केलेलं, तीन वेढे घातलेले, आणि त्याला बोटभर चिंध्यांच्या गाठी अशा खेटून मारलेल्या की आतलं लुगडं दिसू नये. डिसेंबर संपला, माझं कडं केरात गेलं. तिच्या चुंबळी मात्र सुरू झाल्या त्या झाल्याच. उन्हाळ्यात पांढरी, आखाडात हिरवी, दसऱ्याला पिवळी. पिवळ्या चिंध्या कमी पडल्या तर पांढऱ्या हळदीत बुडवून, कारण हळदीची बाजारपेठ असलेल्या आमच्या गावात हळद काय मागायची असते का? ऋतू सरला की ती चुंबळ खाली काढते, एकेक गाठ सोडते आणि चिंध्या परत आपापल्या गाठोड्यात जातात. दारावर खिळा एकच, त्यामुळे दोन ऋतू एकत्र नांदत नाहीत.

सगळ्यांत मानाची चुंबळ संक्रांतीची. ती काळी. संक्रांतीआधी महिनाभर आत्याकडे काळे ब्लाउज शिवायला येतात, आणि त्या काळ्या चिंध्यांतून, प्रत्येक घराची एक, अशी ती चुंबळ भरते. काळ्यावर पांढरा हलवा हवा, म्हणून पहिल्या वर्षी तिनं खरा हलवा दोऱ्यात ओवून लावला. हळदी-कुंकवाला बायका आल्या तेव्हा दारावर चुंबळ नव्हतीच, मुंग्यांचं एक गोल वारूळ होतं, आणि तीळगूळ द्यायच्या आधी आत्या एकेकीच्या पदरावरच्या मुंग्या झटकत होती. पुढच्या वर्षीपासून हलव्याच्या जागी पांढरी बटणं आली. मामांच्या सेफ्टी पिनांचा उगम तो.

तर या काळ्या चुंबळीत एक फट होती. डाव्या बाजूला, अंगठ्याएवढी. सगळीकडे दाट गाठी आणि तेवढ्याच जागी आतलं जुनं लुगडं उघडं. कुणी विचारलं की आत्या म्हणायची, "तिथं खिळा लागतो." खिळा वर असतो, डावीकडे नसतो, हे सगळ्यांना दिसत होतं. पण ती फट कुणाच्या घराची हेही सगळ्यांना माहीत असल्यानं कुणी जास्त विचारत नसे.

ती आत्याच्या धाकट्या जावेची जागा होती. जाऊ भिंतीपलीकडे राहते. मी तिला काकू म्हणते. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा या दोघी भांडल्या नाहीत, एकीच्या चुलीवरची भाजी दुसरीच्या ताटात जात राहिली. भांडण झालं ते काकूंच्या लेकीच्या साखरपुड्यात. त्या आठवड्यात आत्या तापानं अंथरुणावर होती, म्हणून काकूंनी आपला ब्लाउज बाजारातल्या टेलरकडे टाकला. त्या भल्या माणसानं बाह्या अशा शिवल्या की एकेकीत पायली पायली गहू मावावा. साखरपुड्याच्या दिवशी ताप उतरलेली आत्या शाल पांघरून पुढच्याच रांगेत बसली होती. काकू नवऱ्या मुलाला ओवाळायला उभ्या राहिल्या, ताट धरून दोन्ही हात वर केले, आणि आत्या आपल्या मते कुजबुजली, "धाकले, हात खाली घे. बाह्यांत वारं शिरून उडून जाशील."

आत्याची कुजबुज एसटी स्टँडपर्यंत ऐकू जाते. व्याही हसले, विहीणबाई हसल्या, नवरा मुलगासुद्धा हसला. काकूंनी ओवाळणं पूर्ण केलं, सगळ्यांना पेढे दिले, आत्यालाही दिला, आणि त्यानंतर तिच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. ब्लाउज त्या बाजारातच शिवू लागल्या. आत्याला यापेक्षा मोठी शिक्षा कुणालाही सुचली नसती. तिचं मशीन खिडकीपाशी आहे. रोज सकाळी काकू खिडकीवरून दळणाला जात, आणि आत्याचे पाय मशीनवर थांबत. "मुंढ्यात चोळ पडली बघ. गळा उतरला. अगं, पाठीचा टक कुटं चाललाय, वसमतला का हिंगोलीला?" हे ती सुईला सांगायची. तिला अबोला लागला असेलच, पण काखेतल्या त्या सुरकुतीनं तिची झोप उडवली होती.

असं दोन संक्रांती चाललं. तिसरीच्या आधी आत्यानं मला बोलावलं. टाचण्या ओठांत नव्हत्या.

"मॅडम," इंग्रजी शाळेमुळे ती मला मॅडम म्हणते, "भिताडापल्याड जा. एक काळी चिंधी आण."

"मी?"

"तूच. दुसरी पोरगी धाडली तं आपल्या पदरचे चार शब्द घालून येईल. तू बोलतच न्हाईस, तं घालशील कुठून? अन् ऐक, मी मागितली म्हणून सांगू नको."

"मग कुणी मागितली म्हणू?"

"कुनीच न्हाई मागितली म्हन."

हा निरोप घेऊन मी काकूंच्या घरी गेले. त्या सुपात तीळ निवडत होत्या. मी समोर बसले आणि तीळ निवडू लागले. निम्मं सूप झालं तरी मला सुरुवात सापडेना. शेवटी त्यांनीच वर न पाहता विचारलं, "थोरलीनं धाडलं व्हय?"

"कुणीच नाही धाडलं."

"काय मागितलं तिनं?"

"कुणीच नाही मागितलं. काळी चिंधी."

काकू हसल्या. सुपातले तीळ हलले इतक्या हसल्या. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "चिंधी कुठून देऊ लेकरा? तो मेला बाजारातला टेलर चिंधी वापस करतो का? उश्या भरून इकतो म्हनं." त्यांनी तीळ बाजूला सारले. "तुला सांगू का, मी बाजारात काहून गेले होते? अक्का तापानं फणफणली होती. तिला कळलं असतं तं तशीच उठून मशीनवर बसली असती. म्हणून गुपचूप गेले. अन् तिनं मला चार मान्सांत उडवलं."

मी सूप पुन्हा जवळ ओढलं. त्या उठल्या, ट्रंक उघडली आणि काळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांचं कोरं कापड माझ्या मांडीवर ठेवलं. घडी जाड होती.

"मागच्या संक्रांतीला घेतलं अन् ठिवलं. चिंधी न्हाई म्हणावं माह्यापाशी, कापड हाय. शिवून झाल्यावर जी उरंल ती तिची." मी दाराशी पोचले तेव्हा मागून आवाज आला, "अन् हात वर केल्यावर उडू नये असं शिव म्हणावं!"

मी हे सगळं आत्याला जसंच्या तसं सांगितलं. तापाचंही सांगितलं. आयुष्यात सलग इतकं बोलले नसेन. आत्यानं कापड उलगडलं, वितीनं मोजलं, पुन्हा मोजलं.

"हे तं दोघींचं हाय," ती म्हणाली.

त्यांची सासू होती तोवर दोन्ही सुनांना एकाच ताग्यातलं कापड यायचं, जत्रेत लोक दोघींना सख्ख्या बहिणी समजायचे, हे मला आईकडून माहीत होतं. आत्यानं मग इतक्या टाचण्या ओठांत धरल्या की बोलायला जागाच उरली नाही. मापाचा ब्लाउज काकूंनी दिलाच नव्हता. मी ते सांगायला गेले, तर तिनं हातानंच गप्प केलं आणि खडू घेतला. दोन वर्षं खिडकीतून ती दुसरं काय करत होती?

हळदी-कुंकवाच्या संध्याकाळी गल्ली आत्याच्या ओसरीवर जमली. आत्यानं तो ठिपक्यांचा ब्लाउज घातला होता. मी तिच्या अंगावर कोरं कापड पहिल्यांदाच पाहत होते. गल्लीचं शिवता शिवता तिचं स्वतःचं नेहमी राहून जायचं. सगळ्यांत शेवटी काकू आल्या, तोच ब्लाउज घालून. उंबऱ्याबाहेर थांबल्या, आणि घट्ट बसलेला अंबाडा पुन्हा बसवायचा म्हणून त्यांनी दोन्ही हात सावकाश वर केले. बाहीला एक चोळ पडली नाही.

"मुंढा?" आत्यानं कुंकवाचं बोट हवेत धरून विचारलं.

"बराबर हाय."

"काचत न्हाई न?"

"न्हाई." काकू उंबरा ओलांडून आत आल्या. "वरून दुसरं काज ढिल्लं हाय तेवढं."

"ढिल्लं? माह्या हातचं काज ढिल्लं?"

"मग काय खोटं बोलू? हुक सुटून राहिलं सारखं."

"हुक तुला लावता येत न्हाई! लग्न करून आलीस तवापासून येत न्हाई!"

आणि त्या सुरू झाल्या. तीळगूळ हातात तसाच, गोड बोलण्याचा पत्ता नाही. बायकांनी निवांतपणे वाण घेतलं, एकमेकींना कुंकू लावलं. आईनं माझ्या कानात सांगितलं, "झालं बाई एकदाचं नीट."

सगळ्या गेल्यावर मी दारावरची चुंबळ पाहिली. डावीकडची फट भरली होती, तिथं काळ्यावर पांढरे ठिपके होते. मला गंमत करावीशी वाटली. "आत्या, ही चिंधी कुणाच्या घरची?"

आत्या पाठमोरी भांडी गोळा करत होती. असल्या प्रश्नाला ती मागे वळूनही बघत नाही, उत्तर तोंडात तयार असतं. या वेळी मात्र ती वळली, जवळ आली आणि चिंधी चिमटीत धरून उभी राहिली. दोन ब्लाउज एकाच कापडाचे, एकाच कात्रीनं बेतलेले. उरलेली ही चिंधी तिची होती की काकूंची? ती बराच वेळ ती चिंधी बोटांत चोळत राहिली. मग हळूच सोडून दिली आणि म्हणाली, "जाय आता घरी. अंधार पडून राहिला."

रथसप्तमी झाली, होळी झाली. आता ऊन इतकं तापलंय की गल्लीत दुपारी कुत्रंसुद्धा फिरकत नाही. पांढरी चुंबळ कधीची तयार होऊन मशीनवर पडली आहे. दारावर अजून काळीच, एकही गाठ न सोडलेली. तिचा रंग उन्हानं विटून तपकिरी व्हायला लागलाय, ठिपके तेवढे उठून दिसतात. परवा कुणीतरी जाता जाता विचारलं, "आत्याबाई, संक्रांत कवा उतरवणार?" पलीकडच्या ओट्यावर काकू वाळवण राखत बसल्या होत्या. आत्यानं मशीन थांबवलं नाही.

"काय करू माय," ती म्हणाली, "खिळा गंजलाय. निघतच न्हाई."