कुंकू लावलेला कॉम्प्युटर

बाबा मला परत न्यायला बंगळूरला आले, तेव्हा माझा सर्व्हर चालत नव्हता. पुण्यात त्यांच्या कारखान्यात जागा निघाली होती, साहेबांशी बोलूनही झालं होतं. मी बंगळूरजवळच्याच बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातली कायमची नोकरी सोडून इंदिरानगरच्या एका छोट्या कंपनीत कॉम्प्युटरपुढे बसतो, हे त्यांना पटतच नव्हतं. "हे खेळणं किती दिवस?" असं ते फोनवर विचारायचे.

म्हणून मीही हट्टाला पेटलो होतो. ऑफिसात सर्व्हर एकच, आणि त्याला हात लावायची मुभा नव्हती. तसाच खोलीतल्या माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर उभा करायचा आणि बाबांना दाखवायचं: इथे नाव लिहा, माझा प्रोग्रॅम तुम्हाला नमस्कार करील. त्यासाठी लागणारी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा तुकड्या-तुकड्यांनी फ्लॉप्यांवर घेऊन घरी आणली. नेमकी शेवटची फ्लॉपी वाचता येईना. पुन्हा बस, पुन्हा ऑफिस. मग सगळं बसलं, तर सर्व्हर सुरू होताच मान टाकायचा. मी उठायचो, येरझाऱ्या घालायचो, पुन्हा बसायचो. बाबा खाटेवर पेपर वाचत असायचे. त्यांनी पान उलटलं तरी माझं डोकं फिरायचं.

ते निघायच्या दिवशी आंघोळ करताना चूक ध्यानात आली. प्रोग्रॅम ज्यात असतो त्या फोल्डरचा पत्ता मी ऑफिसच्या सर्व्हरवरचाच ठेवला होता, माझ्या मशीनवर असा फोल्डरच नव्हता! ओल्या केसांनी धावत खोलीत आलो, तर कॉम्प्युटरला हळदकुंकू लागलेलं, वर झेंडूची माळ. शेजारी आरतीचं ताट घेऊन आमची घरमालकीण, अक्का. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शिंपीकाम. खाली दुकानातली शिलाई मशीनंही तशीच माळा घालून बंद होती.

मी बटणाकडे हात नेला.

"स्वल्प थांब की रे! आज आयुधपूजा. उद्यापर्यंत हात लावायचा नाही."

"अक्का, एकच ओळ बदलायची आहे. बाबांची गाडी आज संध्याकाळी आहे!"

"अण्णा, तुम्हीच सांगा की ह्याला," ती बाबांना म्हणाली.

मला वाटलं, बाबा हसतील. खेळण्याला कसली पूजा! पण त्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि उठले. उभा जन्म लेथवर काढलेला माणूस. त्यांनी कॉम्प्युटरला बोटं टेकवून कपाळाला लावली, दर खंडेनवमीला लेथला लावायचे तशी.

"पूजा झाली की मशीनला सुट्टी," ते म्हणाले. "हत्यार आहे ते तुझं. आज त्याला हात लावायचा नाही."

मी हात मागे घेतला. "अहो, पण तुमची गाडी?"

"तिकीट बदलून आण. हे तुझं चालताना बघूनच जाईन."

मी तसाच ओल्या केसांनी स्टेशनकडे निघालो.