फिरता आहेर

माझी पोरगी आठ महिन्यांची होईपर्यंत तिला नाव नव्हतं. मी शाळेत शिकवते. रोज सकाळी हजेरी घेताना गावातल्या सगळ्या पोरांची नावं माझ्या तोंडात, आणि घरी आलं की स्वतःच्या लेकीला म्हणायचं, "ए बाई." सासूबाई तिला "चिमणे" म्हणायच्या, नवरा "सरपंच" म्हणायचा. डोस द्यायला दवाखान्यात नेलं की नर्स विचारायची, "नाव?" मी म्हणायची, "ठेवायचंय अजून." मग ती माझ्याकडं अशी बघायची, जणू मी पोरगी येष्टी स्टँडवरून उचलून आणलीय.

नाव अडलं होतं आत्यापाशी. आमच्यात बारशाला आत्या बाळाच्या कानात "कुर्र" करून नाव सांगते, तेव्हाच ते नाव लागतं. माझ्या पोरीला सख्खी आत्या एकच, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, माझ्या वन्सं. आणि त्या नि माझा नवरा एकमेकांशी बोलत नव्हते. मी म्हटलं, चुलत आत्या आहेत की भरपूर, त्यांतली कुणीतरी करील कुर्र. सासूबाईंनी एक घाव दोन तुकडे केले. म्हणाल्या, "सख्खी असताना दुसरीचं तोंड माझ्या नातीच्या कानाला लागू द्यायची न्हाई."

भांडण कशावरून, तर टॉवेलवरून. हसू नका, खरं सांगते. आमच्याकडं कार्य असलं की पुरुषमाणसाला टॉवेल-टोपीचा आहेर करतात. आलेला टॉवेल कुणी अंग पुसायला काढत नाही. तो ट्रंकेत जातो आणि पुढच्या कार्याला तिथून निघून दुसऱ्याच्या खांद्यावर पडतो. एकेक टॉवेल चार गावं फिरून येतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणीही बोलून दाखवत नाही, त्यावरच तर सोयरीक चालते.

आमच्या नव्या घराची वास्तुशांत होती. मला तेव्हा पाचवा महिना. वन्संनी भावाच्या खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी ठेवली. ह्यांनी टॉवेलाची घडी मोडली आणि ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. टॉवेलाच्या काठाला निळ्या दोऱ्याचे टाके होते. ते टाके सासूबाईंचे. हाच टॉवेल एकदा मोटारसायकलच्या हँडलला अडकून फाटला होता, तो शिवून ह्यांनीच वन्संच्या घरच्या कार्यात दिला होता. शहाणा माणूस असता तर गप घडी घालून ठेवला असता. पण आमच्या ह्यांच्या नाकावर राग.

सगळ्या भावकीसमोर म्हणाले, "ह्यो तर म्याच दिलेला टॉवेल."

वन्संही ह्यांचीच बहीण. "मग फाटका का दिलतास?"

झालं. ह्यांनी टॉवेल-टोपी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि वन्सं पानावर न बसता कोरड्या हातानं निघून गेल्या. आहेर परत करणं म्हणजे आमच्याकडं नातंच परत करणं. मला दोघांचाही इतका राग आला होता की तीन दिवस मी सगळ्यांना पातळ वरण खायला घातलं.

पोरगी झाली, तरी दोघं हटेनात. ह्यांनी बारशाचं आमंत्रण नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. वन्संनी निरोप धाडला, "ग्रुपवर सगळ्या गावाला बोलावलंय. मला कुठं बोलावलंय?" बारसं पुढं ढकललं. मग अधिक महिना आला. मग कुणाचं सुतक आलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते हेच.

शेवटी डोकं लढवलं दाजींनी. दाजी म्हणजे वन्संचे यजमान. त्यांची क्रुझर तुळजापूर-सोलापूर चालते, आणि बायको-मेहुण्याच्या भांडणात सगळ्यात जास्त हाल त्यांचेच होत होते. एक दिवस आमच्या ओसरीवर बसून मला म्हणाले, "ह्या दोघास्नी एका गाडीत घालून कुठंतरी न्यावं म्हंतो. पण तुळजापूरला नेलं तर दोघं येगयेगळ्या येष्टीनं परत येतेत. येडशीला रामलिंगाला नेलं तर एक रेल्वेनं यील, एक चालत. अशी जागा पायजे, जिथनं रागानं उठून जायची सोयच न्हाई."

मी विचारलं, "अशी जागा कुठली?"

"समुद्र," दाजी म्हणाले.

दोघांना सांगितलं, सासूबाईंना मरायच्या आधी समुद्र बघायचाय. सासूबाईंची अशी काही इच्छा नव्हती. "येवढं खारं पाणी बघून मी काय करू?" असं त्या आम्हाला दोनदा म्हणाल्या. पण नातीच्या नावासाठी त्यांनी ह्यांच्यासमोर डोळ्याला पदर लावला, आणि काय सुंदर लावला.

पहाटे आमच्या तामलवाडीतून निघालो. पाण्याचे दोन कॅन, कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदे, धपाटी. आम्ही दुष्काळातली माणसं, समुद्राला निघालो तरी पाणी घरचं नेतो. वन्संच्या पिशवीत नारळही होता. दाजी म्हणाले, "कोकणात नारळ घेऊन जाणं म्हंजी लग्नाच्या पंगतीला डबा नेणं हाय." ती कापडी पिशवी वन्संनी दिवसभर मांडीवरून खाली ठेवली नाही.

गाडीत भाऊ पुढं, बहीण मागं. बोलणं सगळं दाजींच्या मार्फत.

"दाजी, तुमच्या मंडळीला सांगा, वारं लागतंय. काच लावावी."

"आवं, सांगा त्यास्नी, माझा जीव गुदमरतोय."

मधे दाजी निवांत गाडी चालवत होते. मिरजेच्या पुढं ते म्हणाले, "मला निरोपाचं तरी भाडं द्या." कुणी हसलं नाही. मी एकटीच हसले, आणि ह्यांनी मला आरशातून डोळे वटारले.

वन्संचा एक हट्ट होता. नाव ठेवल्याबिगर लेकराला हात लावायचा नाही, आणि मानानं बोलावल्याबिगर नाव ठेवायचं नाही. पोरगी माझ्या मांडीवरून त्यांच्या बांगड्यांकडं झेपावायची आणि त्या हात पदराखाली घ्यायच्या. मला एकदा चिडून बोलायचं होतं. पण आंबा घाटात मी डोळे मिटून घेतले तेव्हा किलकिल्या डोळ्यांनी बघितलं, तर वन्संनी पदराखालून एक बोट काढून पोरीच्या मुठीत दिलं होतं. मी झोपेचं सोंग घाट संपेपर्यंत सोडलं नाही.

मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर गेलो. रस्त्याच्या कडेला सरकारी बाग होती. सुरूची उंच झाडं, खाली बाकडी, पोरांचे झोके, एक मोठा नियमांचा फलक आणि पलीकडं एकदम समुद्र. मी आधीही एकदा सहलीबरोबर समुद्र बघितला होता, तरी माझ्या तोंडून "अगं बाई" निघालंच. आमच्याकडं पाणी बघायचं म्हणजे विहिरीत वाकून बघायचं. इथं ते आपणहून पायाशी येत होतं.

सगळ्यात जास्त मजा केली ती सासूबाईंनी. आधी एक बोट बुडवून चाखलं, थू केलं, आणि खात्री पटावी म्हणून पुन्हा चाखलं. मग लुगडं पोटऱ्यांपर्यंत खोचून लाटेत जाऊन उभ्या राहिल्या. पायाखालची वाळू सरकली की खुदकन हसायच्या. दाजी त्यांना उंटावर बसा म्हणाले, तर म्हणाल्या, "जावईबापू, तुमी बसा, मी फोटू काढते." दाजी बसले. उंट उठताना दाजींचा चेहरा जो झाला, तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. पोरीला मी ओल्या वाळूवर बसवलं. लाटेचा फेस तिच्या तळव्याला लागला की ती आधी दचकायची, मग दोन्ही हातांनी पाणी बडवायची. ह्यांनीही पँट दुमडली, पण बहिणीपासून वीस हात लांब.

वन्सं एकट्याच पुढं गेल्या. पिशवीतून हळदी-कुंकू काढलं, नारळ काढला, आणि मग टॉवेल-टोपी काढली. निळे टाके मला लांबूनही दिसले.

मी पोरीला घेऊन धावले. "वन्सं, हे काय?"

"परत आल्याला आहेर घरात ठिवत न्हाईत," त्या समुद्राकडं बघतच बोलल्या. "वाहत्या पाण्यात सोडावा लागतो. आपल्या नदीला पाणी कुठंय? वरीसभर ट्रंकेत बगून बगून जीव नको झाला, म्हणून आणला हितं. जाऊ दे एकदाचा."

म्हणजे त्या नातं सोडायला आल्या होत्या. दाजींची सगळी युक्ती फुकट. मी म्हटलं, "आणि माझ्या पोरीचं नाव?" त्यांनी नारळ, टोपी, टॉवेल, सगळं लाटेवर सोडलं, हात जोडले आणि मागं वळल्या.

नारळ गेला. टॉवेल-टोपी मात्र पुढच्याच लाटेबरोबर त्यांच्या पायात येऊन पडली. त्यांनी उचलून परत सोडली. तेवढ्यात शिट्टी वाजली. किनाऱ्यावरचा जीवरक्षक आला, गुडघाभर पाण्यातून दोन्ही वस्तू काढून त्यांच्या हातात देत म्हणाला, "मावशी, कपडे समुद्रात टाकायचे नाहीत."

"मी टाकत न्हाई, देतीय," वन्सं म्हणाल्या.

"तो घेत नाही," जीवरक्षक म्हणाला आणि निघून गेला.

वन्संचा चेहरा उतरला. त्या जीवरक्षकाची पाठ फिरेपर्यंत थांबल्या आणि होता नव्हता तेवढा जोर लावून तो बोळा लांब भिरकावला. ओला टॉवेल किती लांब जाणार? वारा किनाऱ्याकडं होता. लाट तिरकी आली आणि टॉवेल-टोपी वाळूवरून फरपटत नेऊन सोडली ती आमच्या ह्यांच्या पायावर.

आमचे हे मघापासून सगळं लांबून बघत होते. मला वाटलं, आता काहीतरी वाकडं बोलणार, आणि बोलले असते तर मी त्यांना तिथंच समुद्रात ढकललं असतं. पण ते खाली वाकले. टॉवेल पिळला, तसे ते निळे टाके वर आले. त्यावर अंगठा फिरवला. मग टोपी झटकून डोक्यावर ठेवली, टॉवेल खांद्यावर घेतला. टोपीतून कानामागं पाणी गळत होतं. तसेच चालत आले आणि बहिणीच्या पाया पडले.

"आक्का, ह्यो काय माझा पिच्छा सोडत न्हाई," म्हणाले. "दिलास तर घेतो."

एका वर्षानंतर थेट बोललेलं पहिलं वाक्य. "फाटका हाय," वन्सं म्हणाल्या.

"म्याच फाडलेला हाय."

सासूबाई लाटेतूनच ओरडल्या, "अन् शिवला मी. आता जेवायला बसा."

सुरूच्या झाडाखाली बसलो. टॉवेल फांदीवर वाळत घातला. भाकरी-चटणी खाताना भाऊ-बहीण एकमेकांना कांदा देत होते आणि दाजी बेरोजगार झाल्यासारखे गप जेवत होते. टॉवेल वाळला तसं सासूबाईंनी फर्मान काढलं, बारसं इथंच. पाळणा नाही म्हणून कुणी अडलं नाही. दाजींनी टॉवेलाची दोन टोकं धरली, ह्यांनी दोन, आणि झोळीत माझी पोरगी. टाके तुटतील म्हणून मी खाली एक हात धरून बसले. पण सासूबाईंचे टाके, ते कसले तुटतात.

वन्सं वाकल्या. कानात "कुर्र" केलं. मी नि सासूबाईंनी रिवाजाप्रमाणं त्यांच्या पाठीत बुक्क्या घातल्या. मी दोन जास्तीच्या घातल्या, वर्षभराच्या. सुरूत वारा इतका घोंघावत होता की नाव मला ऐकूच आलं नाही. पुन्हा विचारलं तेव्हा सांगितलं. माझ्या मनातलं नव्हतं, पण चांगलं आहे.

मग त्यांनी पिशवीच्या तळातून आणखी एक घडी काढली. लाल खणाची कुंची. कुंची म्हणजे तान्ह्या बाळाचं टोपरं, मागं पाठीवर झालर सोडलेलं. ती आत्यानंच करायची. पोरगी झाल्याचं कळलं त्याच आठवड्यात त्यांनी ती शिवली होती आणि त्या टॉवेलाच्या शेजारी ट्रंकेत ठेवली होती. त्यांनी पोरीला पहिल्यांदा मांडीवर घेतलं आणि कुंची घातली. कुंची कानापर्यंत आलीच नाही, टाळूवरच बसून राहिली. तिकडं खाऱ्या पाण्यानं आटलेली टोपी ह्यांच्या डोक्यावर तशीच चढून बसली होती. बाप-लेकीकडं बघून दाजी हसले, मी हसले, सासूबाई तर आडव्याच झाल्या. वन्संही हसत होत्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पोरीच्या टाळूवरून हात फिरवत म्हणाल्या, "लई उशीर झाला की गं माझ्या बाई."

ह्यांचं हसणं थांबलं.

वन्संनी डोळे पुसले, कुंचीची शिवण बोटांनी चाचपली. "आत थोडं कापड सोडलंय. उसवून मोठी करते. पण माप घ्यायला मला तुमच्या घरी यावं लागंल."

"मापाला कशाला?" हे म्हणाले. "जेवायला ये, आक्का. त्या दिवशीचं तुझं पान तसंच ऱ्हायलंय."