शेठच्या खुर्चीचा पट्टा

उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये भंगारात निघालेल्या विमानांचे सुटे भाग विकणारे एक सिंधी शेठ आहेत. मी सिनेमाचे सेट उभारतो, त्यामुळे त्यांच्याकडे माझं सारखं जाणं-येणं. गिऱ्हाईक आलं की शेठ त्याला विमानाच्या खुर्चीत बसवतात, स्वतःच्या हाताने पट्टा लावतात आणि म्हणतात, "साईं, आता उठायचं नाय. भाव चालू."

तो पट्टा उघडतो कसा, ते फक्त त्यांनाच ठाऊक. सौदा ठरला की ते कुठेतरी टिचकी मारतात आणि आपण सुटतो. दर वेळी विमानाचा एक दरवाजा ते माझ्या गळ्यात मारायला बघतात. मी कसाबसा निसटतो.

परवा ती खुर्चीच मी सेटवर भाड्याने नेली. हिरोने हौसेने पट्टा लावला आणि अडकला. मी कात्री आणली, तर दिग्दर्शक ओरडला, "कापू नकोस, शॉट बाकी आहे!"

घाम पुसत मी शेठना फोन लावला.

"उघडेल ना साईं," ते गोड आवाजात म्हणाले. "दरवाजा कुठे पाठवू, बोला."

दरवाजा सध्या कात्रपला, आमच्या घरच्या हॉलमध्ये उभा आहे. बायको रोज विचारते, बाकीचं विमान कधी येणार?