हलला तो पुसला

उमरखेडच्या जब्बारभाईंनी उभी हयात फोटो स्टुडिओ चालवला तो एकाच वाक्यावर: "हालू नका." नवरी असो की निवडणुकीचा उमेदवार, पापणी लवली की त्यांचा पारा चढायचा. "माहे पणजोबा गोऱ्या साहेबाच्या कॅमेऱ्यासमोर दगडावानी उभे राह्यले," ते सुनावत, "आन् तुमाले घडीभर दम नाही?"

ही कथा बाजाराला तोंडपाठ होती. कुणी साहेब डोंगरातल्या पडक्या देवळाचा फोटो काढायला आला होता. खांबांची उंची कळावी म्हणून त्यानं सामान वाहणाऱ्या पणजोबांना शेजारी उभं केलं. तेव्हा काचेवर चित्र उमटायला वेळ लागे, तो साहेब घड्याळावर मोजी. तेवढ्यात हलला तो पुसला. पणजोबांचा दुसरा फोटो नव्हता. जब्बारभाई फुशारकी कितीही मारोत, त्यांना खरी ओढ होती ती तो चेहरा एकदा बघायची. आपलं नाक कुणावर गेलंय, एवढं मरण्याआधी कळावं.

यंदा त्यांच्या लेकीनं, नुजहतनं, परदेशातल्या एका संग्रहालयाच्या साइटवर तो फोटो शोधून काढला. "अब्बा, मिल गया!" धीर धरतील तर ते जब्बारभाई कसले? स्क्रीनवर धड न बघता त्यांनी मोठी प्रिंट काढायला लावली आणि चहावाल्या धर्मपालसकट सगळे शेजारी जमवून वरचा कागद काढला.

देऊळ लख्ख आलं होतं. मागच्या खडकाची भेग न् भेग दिसत होती. खांबाशी पणजोबांचे अनवाणी पाय, कमरेचा शेला, सगळं जागच्या जागी. मानेच्या वर मात्र नुसतं धुकं.

"जब्बारभाई, हा तं हालला ना!" धर्मपाल म्हणाला. आजवर ज्यांनी बोलणी खाल्ली होती ते पोट धरधरून हसले.

जब्बारभाईंना रडू यायचंच बाकी होतं, पण सवयीनं त्यांनी भिंग उचललं. कमरेपासून कपाळापर्यंत एक फिकट पट्टा वर गेला होता. हात होता तो. साहेबानं कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं असणार. पणजोबांना वाटलं असेल, समोर एवढा मोठा माणूस आला, आणि आपण काय ठोंब्यासारखं उभं राहायचं?

"हालले नाही," जब्बारभाई म्हणाले. "सलाम केला त्यायनं."

"आन् साहेबानं काय केलं?" धर्मपालनं विचारलं.

"साहेब तं घड्याळ पाहून राह्यला असन."

शोकेसमधली नवरी उतरली, तिथं पणजोबा लागले. आता रोज सकाळी शटर वर गेलं की जब्बारभाई त्या धुक्यासमोर उभे राहतात, कपाळाला हात लावतात आणि म्हणतात, "वालेकुम सलाम."