दोघांत एक गाडी

शाहीनचा फोन आला तेव्हा नळाला पाणी आलं होतं आणि मी अंगणात पाइप धरून उभा होतो. शाहीन म्हणजे इकबालभाईंची मुलगी. लग्न होऊन अकोल्याला असते, आणि शेवटचे काही महिने ते उपचारासाठी तिच्याकडेच होते. "काका, अब्बू गेले," एवढंच ती म्हणाली. पुढचं तिच्या नवऱ्याने सांगितलं. पहाटे झोपेतच... काही त्रास झाला नाही. मी बरं म्हणालो, फोन ठेवला आणि टाकी भरून वाहायला लागली तरी तसाच उभा राहिलो. मग गाडी बाहेर काढली, किक मारली, आणि बंद करून परत आत लावली. अमरावतीहून अकोल्यापर्यंत त्या गाडीवर एकट्याने जाण्याचं बळ माझ्यात नव्हतं. बसने गेलो. दुपारच्या नमाजनंतर दफन झालं. मीही माती दिली. परतीच्या बसमध्ये रडू आलं नाही, नुसता थकवा आला. त्याला आता काही आठवडे झाले. थकवा तेवढाच आहे.

इकबालभाई अंजनगाव सुर्जीच्या उर्दू शाळेत गणित शिकवायचे, मी तिथल्याच दुसऱ्या एका शाळेत मराठी. घरं दोघांचीही अमरावतीत. माझी आई अंथरुणाला खिळलेली, त्यांच्या घरी भाभींचं शिवणकाम चांगलं चाललेलं. त्यामुळे तिकडे बिऱ्हाड हलवणं दोघांनाही जमण्यासारखं नव्हतं. रोज बसने जायचं आणि बसने यायचं. ओळख झाली ती स्टँडवरच. एका संध्याकाळी बस आलीच नाही. शेवटी आम्हाला कापसाच्या एका टेम्पोत जागा मिळाली, मागे गाठोड्यांवर. चष्म्याला चिकटलेला कापूस पुसत ते म्हणाले, "मास्तर, आपन दोघं मिळून एक गाडी घेतली तं?" मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलले असतील. पण पुढच्याच महिन्यात आम्ही एक साधी मोटारसायकल निम्मी-निम्मी घेतली. जाताना एकाने चालवायची, येताना दुसऱ्याने. एक आठवडा त्यांच्या दारात, एक आठवडा माझ्या. आमच्या शाळेत आम्हाला 'डबलसीट' म्हणायला लागले. आम्हालाही त्याचं काही वाटेनासं झालं.

मागे बसले की इकबालभाई झोपायचे. वलगाव गेलं की त्यांचं कपाळ माझ्या पाठीला टेकायचं. ट्रक जवळून गेला तरी त्यांना जाग यायची नाही. सुरुवातीला मला धास्ती वाटायची, मग पाठीला त्या वजनाची सवय झाली. मी मात्र बोलत असायचो. आईचं दुखणं, मुलाची नोकरी, शाळेतल्या कुरबुरी... जे घरी बोलता येत नाही ते सगळं मी समोरच्या रस्त्याला सांगायचो. मध्येच विचारायचो, "झोपले का, इकबालभाई?" "नाई, आयकून राहिलो," असं मागून उत्तर यायचं आणि कपाळ परत टेकायचं. पण दोन-चार दिवसांनी ते अचानक म्हणायचे, "पोराले त्या कंपनीत नका जाऊ देऊ, मास्तर." म्हणजे खरंच ऐकलेलं असायचं. रमजानमध्ये दोन्ही वेळा गाडी मी चालवायचो. त्यांनी कधी तसं सांगितलं नाही, आमचं कधी ठरलंही नाही.

एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून सुटत नसे. वापरलेली वस्तू टाकायला ते तयार व्हायचे नाहीत. चपलेचा अंगठा चारदा शिवायचे. बॉलपेनची रिकामी कांडी दुसऱ्या पेनात बसते का बघायचे. त्यांना मी कंजूष म्हणणार नाही, कारण कुणी घरी आलं तर जेवल्याशिवाय सोडायचे नाहीत. पण जुनं चालतं आहे तोवर नवं घेणं त्यांना उगाच वाटायचं. गाडीचंही तेच.

गाडीचा सायलेन्सर खालून गंजून गेला होता. भोक एवढं मोठं झालं की गाडी ट्रॅक्टरसारखी वाजायची. त्यांच्या मुख्याध्यापकांनी हसत हसतच, पण सांगितलं, की वर्ग चालू असताना गाडी फाटकाबाहेर लावा. तेव्हा कुठे नवा सायलेन्सर घ्यायचं ठरलं. शाळा सुटल्यावर अंजनगावातच मिस्त्रीकडे गेलो. त्याने जुना डबा उतरवला, नवा लावायला घेतला, आणि पुढच्या नळीशी त्याला जोडणारा क्लॅम्प हातात धरून आम्हाला दाखवला. गोल पट्टी, तिला दोन कान, कानांतून बोल्ट. पट्टी ताणून ताणून सैल झालेली. "सर, हा आता आवळल्या जात नाई," तो म्हणाला. "दोनी कान एकमेकाले टेकून राहिले. अजून आवळाले जागाच नाई. याच्या मापाचा नवा माह्यापाशी नाई, उद्या अमरावतीहून आना."

"उद्या आनू," इकबालभाई म्हणाले, "आज जुनाच लाव." त्यांनी दुकानातलाच ऑइलचा रिकामा डबा उचलला, कात्रीने त्याची एक पट्टी कापली, नळीभोवती गुंडाळली आणि वरून क्लॅम्प बसवायला लावला. कानांत बोटभर फट राहिली. बोल्ट चांगला आवळला गेला. मिस्त्रीने मान हलवली, पण गाडी सुरू झाली तेव्हा आवाज अगदी मऊ होता. इकबालभाईंना फार आनंद झाला. "पाहा," ते म्हणाले, "काई बिघडलं काय?" दुसऱ्या दिवशी अमरावतीत दुकान बंद होतं. तिसऱ्या दिवशी आम्हाला उशीर झाला. मग परीक्षा आल्या. गाडी चांगली चालत होती, आणि चालत्या गाडीचा क्लॅम्प बदलायला कोण जातं...

त्या दिवशी येताना मी चालवत होतो. ऊन उतरलं होतं, कपाळ पाठीला टेकलेलं होतं. वलगावच्या अलीकडे जळकं रबर असतं तसा वास आला. रस्त्याकडेला कुणीतरी कचरा पेटवला असेल असं वाटलं. मग सायलेन्सर फडफडायला लागला, म्हणून गाडी थांबवली. पट्टी निसटली होती, जोड उघडला होता, आणि सायलेन्सर बाहेर सरकून इकबालभाईंच्या उजव्या पावलाला टेकला होता. चपलेची कड वितळली होती. पावलाचं मला लिहवत नाही. ते मात्र डोळे चोळत उतरले आणि म्हणाले, "काहून थांबले?" त्यांना काहीच कळलं नव्हतं. त्यांना साखरेचा त्रास होता हे आम्हाला ठाऊक होतं, पण त्या पावलाला काही जाणवतच नाही हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी खाली बघत होतो म्हणून तेही वाकले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "दुखून तं नाई राहिलं, मास्तर." त्या वाक्याची मला जेवढी भीती वाटली तेवढी जखमेची वाटली नाही.

जखम भरेना. आधी अमरावतीत ड्रेसिंग, मग अकोल्याला शाहीनच्या ओळखीचे डॉक्टर. शेवटी दोन बोटं काढावी लागली. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात भाभी माझ्याजवळ आल्या. त्यांचं माझ्याशी बोलणं नेहमी मोजकंच. चहा ठेवू का, आई कशी आहे, एवढंच. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "गाडी तुमी चालवत होते ना, मास्तर? वास तुमालेई आला असन."  आत खाटेवरून इकबालभाईंनी ऐकलं. "जुना क्लॅम्प लावाले मी सांगतलं," ते म्हणाले. "आनाचाई मलेच होता. त्यायले काई बोलू नको."  पण त्यानंतर कित्येक महिने मी दारात गेलो की त्या आतल्या खोलीत जायच्या. मला त्यांचा राग आला नाही. कुणावर तरी रागवायला हवंच होतं, आणि ज्याच्यावर रागवायचं तो खाटेवर पडून डॉक्टरांना विनोद सांगत होता.

इकबालभाईंची निवृत्ती जवळ आली होती. सगळ्यांनी सुट्टी घ्या म्हटलं, पण ते कामावर आले. बसच्या पायऱ्या त्यांना चढवत नव्हत्या, गाडीवर मात्र बसता यायचं. कामावर परत निघायच्या आदल्या रविवारी मी नवा क्लॅम्प घेऊन त्यांच्याकडे गेलो. मिस्त्रीकडे जाऊ म्हटलं तर म्हणाले, "इकडे आना, मी लावतो." दारातल्या स्टुलावर बसले, पट्ट्या बांधलेला पाय विटेवर ठेवला, आणि मला खाली बसवून पाना माझ्या हातात दिला. म्हणजे लावला मीच, त्यांनी नुसतं सांगितलं. जुना क्लॅम्प निघाला तो हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. मला वाटलं, आता ठेवून घेतील. त्यांनी तो नालीत टाकला. "तुमच्या भाभीले सांगा," ते म्हणाले, "म्या काई तरी फेकलं."  थोड्या वेळाने आतून पडदा सरकवून भाभींनी चहा बाहेर ठेवला. ट्रे दोघांच्या मध्ये ठेवला होता.

उरलेला काळ दोन्ही वेळा मीच गाडी चालवली. ते आता मागे झोपत नव्हते. पाऊल कुठे आहे ते दर थोड्या वेळाने वाकून बघायचे, कारण पाय स्वतःहून त्यांना काही सांगत नव्हता. त्यांच्या वाकण्याने गाडी डुलायची आणि मला ती सावरावी लागायची. आम्ही दोघंही त्या वर्षी फार थकलो. निवृत्तीच्या दिवशी शाळेने शाल-श्रीफळ दिलं. परतताना पूर्णेच्या पुलावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. नदीत पाणी फारसं नव्हतं. "कितीदा गेलो असन आपन इथून," ते म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही गणिताचे, तुम्हीच सांगा. ते म्हणाले, "राहू द्या. मोजू नका. अजून थकवा येईन."

पुढे मूत्रपिंडं बिघडली. अमरावती-अकोला फेऱ्या सुरू झाल्या, मग फेऱ्याही झेपेनात म्हणून शाहीनने त्यांना आपल्याकडेच नेलं. शेवटचं भेटलो तेव्हा उशीला टेकून बसले होते, चेहरा सुजलेला. मी नेहमीसारखा बोलत राहिलो. मुलाचं, सुनेचं, शेजाऱ्यांच्या भांडणाचं. त्यांचे डोळे मिटले. सवयीने मी विचारलं, "झोपले का, इकबालभाई?" ओठ हलले, पण काय म्हणाले ते कळलं नाही. मी तसाच बोलत राहिलो, बसची वेळ होईपर्यंत.

भाभी आता अमरावतीच्या घरी इद्दतमध्ये आहेत, म्हणजे नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, परपुरुषासमोर यायचं नाही. शाहीन काही दिवस त्यांच्यापाशी राहायला आली आहे. भाजी, औषधं, गॅसचा नंबर, असलं काही असलं की मी जातो. भाभी समोर येत नाहीत, शाहीनच दारात येते. पहिल्याच आठवड्यात ती हळू आवाजात म्हणाली, "काका, एक सांगू का, वाईट वाटून घेऊ नका. गल्लीत गाडीचा आवाज आला की अम्मी उठून बसते. अब्बू आले म्हणते. मग लक्षात येते तिच्या..." त्या गाडीचा आवाज भाभी ओळखतात हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून मी पिठाच्या गिरणीपाशी गाडी बंद करतो आणि तिथून दारापर्यंत ढकलत नेतो. गल्ली चढाची आहे. या वयात छातीत धाप लागते. दारात पोचलो की थोडं थांबतो, मग कडी वाजवतो.

परवा कडी वाजवायच्या आधीच आतून, पडद्यामागून भाभींचा आवाज आला. "मास्तर, गाडी ढकलत काहून आनता?" मी काहीतरी पुटपुटलो, पेट्रोल संपलं वगैरे. "रोजच संपते काय पेट्रोल?" त्या म्हणाल्या. "तुमचा दम मले आतपर्यंत आयकू येते. चालू करूनच येत जा. मी उठते तं उठू द्या. तेवढंच उठनं होते."

मी बरं म्हणालो. काल पुन्हा गेलो, औषधं होती. गिरणीपाशी आलो आणि चालूच ठेवायची असं ठरवूनही हात चावीकडे गेला. गाडी बंद झाली. थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. मग परत किक मारली आणि हळूहळू गल्ली चढलो. दार आधीच उघडं होतं.